आक्काचा दगड

ब्रेक स्वतः बसवू नकोस म्हणून मला सगळ्यांनी सांगिटलतं, पण मी ऐकतोय व्हय! आप्पांच्या जुन्या अँबॅसिडरचे ब्रेक आणि क्लच पंधरा दिवस खपून मी घरीच बसवले, आणि आक्काला आणि तिच्या लेकीला लग्नाच्या हॉलवर त्याच गाडीतनं घेऊन निघालो.

कंग्राळीत देवळापाशी उतारावर नारळ फोडायला थांबलो. परत बसून गिअर टाकला, तर गाडी हलेना. क्लच सोडला की इंजिन बंद. तीनदा तेच. मुहूर्त जवळ आलेला, नवरी रडकुंडीला, मला दरदरून घाम. उद्यमबागेतल्या ओळखीच्या फिटरला फोन लावला, "ब्रेक आवळल्यात रं, पळत ये."

तो आला, खाली वाकला आणि हसायलाच लागला. "अण्णा, चाकाम्होरं ह्यो दगड कुणी ठेवलाय?"

माझा जीव भांड्यात पडला. ब्रेक ठीक होते!

आक्का म्हणाली, "मीच. हँडब्रेक लागत नव्हता तवापासनं ठेवतीया की. आज गडबडीत काढायचा ऱ्हायला."

"अगं, पण आता ब्रेक नवे हायत. मी बसवल्यात!"

"व्हय, म्हणून तर आज जरा मोठा ठेवलता."