अंगठीखालची जागा

लहान मुलांच्या वॉर्डबाहेर हात धुवायला रांग होती. माझं बाळही आतच, त्यामुळे साबणाचा विषय निघाला की माझे कान टवकारतात. पुढे एक आजोबा आणि त्यांची लेक उभे होते.

"बाबा, अंगठी काढा."

"अगं, साबण लावला की दोनदा."

"अंगठीखाली जंतू राहतात. छकुलीच्या छातीत नळी घातलीय, ती थेट रक्तात जाते. मागे जंतू शिरले तेव्हा दोन औषधांनी ताप हलला नाही. तिसरं कसंबसं लागू पडलं."

"निघत नाही गं. तुझ्या आईनं घातल्यापासून काढलेलीच नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही?"

"ती होती तेव्हा तिच्या धाकानं. ती गेल्यावर काढवली नाही."

"मग राहू दे, बाबा. काचेतूनच बघा तिला."

"वा गं वा! पोर सकाळपासून आजोबा आजोबा करतेय म्हणालीस, आणि मी काचेतून बघू? आण तो साबण."

"हळू! बोट सुजेल."

"ओढ. लहानपणी माझी मिशी ओढायचीस तशी ओढ."

"निघाली! दुखलं का?"

"छे."

"मग डोळ्यांत पाणी?"

"साबण उडाला. बघ, खालची कातडी कशी गोरीपान राहिलीय, नवरदेवासारखी."

"तिथेच नीट चोळा आता. अंगठी मी ठेवते, घरी जाताना घाला."

"नको, तुझ्याकडेच राहू दे. छकुली घरी येईपर्यंत मला रोज यायचंय."