पडद्यावरचा मान

नाही, पण तुम्ही मला एवढंच सांगा, जो माणूस पंगतीत माझ्या शेजारी बसून जेवला, ज्याने दोनदा भात मागून घेतला, जाताना मांडवातला मानाचा नारळ ज्याने काखेत मारून नेला, तो महिन्याभराने उंबऱ्यात उभा राहून ‘आमाना लग्नाला बोलावलाच नाय’ असं म्हणूच कसं शकतो? आणि खोटं बोलत नव्हता हो, हीच तर गंमत... अगदी मनापासून म्हणत होता. मी लोकसाहित्याचा अभ्यासक. अंगात येणारे देव, पिंपळावरून उतरणारी भुतं, या सगळ्यांवर श्रद्धा असणारी माणसं मी उभ्या आयुष्यात पाहिली. पण डोळ्यांनी पाहिलेलं आणि पोटाने पचवलेलं सोडून एका काचेवर श्रद्धा ठेवणारं अख्खं गाव मला सारसोळ्यात भेटलं, आणि तुम्हाला सांगतो, मी जो थक्क झालो तो अजून थक्कच आहे.

तर नेरूळला मी ज्यांच्या इमारतीत भाड्याने राहतो ते हिरामणशेठ मूळचे सारसोळ्याचे आगरी. वाडवडिलांची शेती नव्या शहरात गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर चार मजले उभे राहिले, आणि चार मजले उभे राहिले की माणसाला नगरसेवक व्हावंसं वाटतं, हा आपल्याकडचा निसर्गनियमच आहे. पालिकेची निवडणूक लागली, हिरामणशेठ अपक्ष उभे राहिले. वरची आळी भावकीची, ती त्यांचीच. सगळी मदार खाडीकडच्या खालच्या आळीवर. ती आली तर शेठ निवडून येणार, नाही तर... नाही तर काय, ते त्यांना स्वप्नात दिसायचं आणि ते दचकून उठायचे, असं राजाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला सांगत.

आता यात आला दत्तू केबलवाला. त्या वर्षांत केबलची तार कौलांवरून, नारळीवरून, सोसायट्यांच्या गच्च्यांवरून घरोघर पोहोचली होती आणि संध्याकाळी तिच्यावर दत्तूचं स्वतःचं चॅनल असे. दत्तू म्हणाला, “शेठ, सभा कनाला घेता? सभेला मानूस येतो, वडे खातो नि जातो. नमिताच्या लग्नाची कॅसेट द्या, सगला गाव बघल.” नमिता म्हणजे शेठची मुलगी, तिचं लग्न महिन्यापूर्वीच झालेलं. दिली कॅसेट.

इथे मला थोडं मागे जावं लागेल, कारण मुद्दा शास्त्राचा आहे. आगरी लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. ही लग्न लावणारी बाई. ती धवले गाते, म्हणजे त्या लग्नाला देवांना बोलावते, मग पितरांना बोलावते, आणि मग गावातली मानाची घरं एकेक करून नावाने बोलावते, वरच्या आळीपासून थेट खाडीपर्यंत. सारसोळ्याच्या यशोदाबाई ही यादी तोंडपाठ गातात, तासभर. मी भान हरपून ऐकलं आहे. कॅसेट चॅनलवर लावताना दत्तूला मात्र ते लांबलचक वाटलं. त्याने वरची आळी ठेवली, खालची मूळ कॅसेटवरूनच पुसली, आणि त्या जागी गुलाबाचं फूल उमलतं नि त्यातून हिरामणशेठचा चेहरा वर येतो असं काहीतरी घातलं... सिनेमाच्या संगीतावर.

संध्याकाळी कॅसेट चॅनलवर लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या आळीचे आप्पा शेठच्या उंबऱ्यात. मी तिथेच चहा पीत होतो.

“हिरामन, आमचा मान काढलास. आमाना लग्नाला बोलावलाच नाय.”

“आप्पा, काय बोलता? तुमी मांडवात व्हता. माज्या हातचा नारल घेतलात.”

“घेतला.”

“जेवलात.”

“जेवलो. मटन बरा व्हता.”

“मंग?”

आप्पा शांतपणे म्हणाले, “टीव्हीत हाय का? नाय ना? मंग नाय.”

तुम्ही हसताय, मीही हसलो, पण जरा विचार करा, याला तुमच्याकडे उत्तर काय? मी सांगून पाहिलं, आप्पा, मी साक्षीदार आहे, यशोदाबाईंनी तुमच्या घराचं नाव घेतलं, मी ध्वनिमुद्रित केलंय. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाले, “सर, तुमी तरी टीव्हीत हाय का?”

नव्हतो. मी कापला गेलो होतो, बुंदीवाढप्यांबरोबर.

मग काय, शेठ यशोदाबाईंच्या पायाशी. आये, दत्तूच्या केबलच्या खोलीत बस आनि खालच्या आळीचा धवला गा. यशोदाबाई सुपारी कातरत होत्या, कातरतच राहिल्या. “मांडव नाय, नवरी नाय, नि धवला कुनाचा गाऊ? तुज्या मतपेटीचा? देव उठून येतील, त्यांना काय वोट द्यायला लावशील?” म्हणजे लग्न हवं. निवडणूक आठवड्यावर आलेली, गावात लग्नाच्या वयाचं कुणी उरलेलं नाही. शेवटी शेठनी नजर वळवली ती राजाबाईंकडे.

राजाबाई म्हणाल्या, “येकदा केला त्याचा काय उजेड परला, म्हनून परत?”

दत्तू हळूच म्हणाला, “काकी, टीव्हीत दिसनार.”

बाई उठल्या, आत गेल्या, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. टीव्हीत हाय, मंग हाय!

झालं, दारात मांडव पडला. पन्नाशीचे हिरामणशेठ मुंडावळ्या बांधून बसले, शेजारी पिवळ्या साडीत राजाबाई, आणि दत्तूने कॅमेऱ्यातून सरळ आपल्या खोलीपर्यंत तार ओढली, थेट प्रक्षेपण. मांडव गच्च भरला. यशोदाबाईंनी सूर लावला, आणि नावं सुरू होताच... मांडवातली माणसं उठून जायला लागली. रागाने नव्हे हो. आपलं नाव घरी जाऊन टीव्हीत ऐकायला! उरलो आम्ही तिघं-चौघं. मला राहवेना, मीही उठून खालच्या आळीत गेलो, आणि तिथे जे पाहिलं ते मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. प्रत्येक दारातून तोच एक आवाज येत होता, जणू सगळी आळी एका गळ्याने गात होती. ज्या घराचं नाव आलं त्या घरात कुणी म्हातारी उठायची, पडद्याला हळद लावायची, हात जोडायची. मी म्हणत आलो होतो की हे यंत्र आमची गाणी गिळणार. इथे तर गाण्यानेच यंत्राला देव्हाऱ्यात बसवलं होतं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. “आता बोलावला,” म्हणाले. “आता खरा बोलावला.”

शेठ त्या रात्री प्रथमच न दचकता झोपले. खालची आळी आली.

आणि मग उजाडला मतदानाचा दिवस. सुट्टी. दत्तूने काय करावं? लोकाग्रहास्तव तेच लग्न पुन्हा लावलं. सकाळपासून, संपलं की पहिल्यापासून. दुपार झाली तरी खालच्या आळीतून केंद्रावर एक चप्पल वाजेना. शेठ धावले, मी त्यांच्या मागे. आप्पांच्या घरात अर्धी आळी जमलेली. शेठ हात जोडून म्हणाले, “आप्पा, चला रं, टाईम संपल.” आप्पा मान न वळवता म्हणाले, “येतो ना. नाव येऊन जाऊ दे. मतदान काय, टीव्हीत हाय का?”

शेठ ओरडायला तोंड उघडतात न उघडतात तोच पडद्यावर मुंडावळ्या आल्या. शेठ बघत राहिले. बघता बघता टेकले. कुणीतरी चहा दिला. मी घड्याळ दाखवलं, त्यांनी माझा हात बाजूला सारला, कारण मधे येत होता.

पडले. अगदी थोडक्यात पडले, आणि जी मतं कमी पडली त्यांत त्यांचं स्वतःचंही होतं. निकालाच्या संध्याकाळी मी सांत्वनाचं एक चांगलं रचलेलं वाक्य घेऊन वर गेलो. शेठ झोपाळ्यावर बसले होते. मी वाक्य सुरू करणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “पडलो तं पडलो, सर. पन राजाबाई कशी दिसली, ते बोला.”

आता लोकशाहीच्या या टप्प्यावर मी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर... दिसली होती हो.