धर्माकाकांनी बदललेलं पाणी

माझ्या पदवीचं श्रेय तुम्ही माझ्या मार्गदर्शकांना देता ना, मग हे ऐका. एकोणीसशे साठच्या आसपास मी पनवेलच्या मिठागरात उन्हानं रोज किती पाणी सुकतं ते मोजत होतो. त्यासाठी बांधावर मोठी पत्र्याची परात ठेवून तिच्यात विहिरीचं पाणी भरलं होतं. आठवडाभर घरी जाऊन आलो, तर परातीत मिठाचे खडे.

मिठागरावर राबणाऱ्या धर्माकाकांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "गोड्या पान्याचं मीठ कसं पडंल? मी वाफ्यातलं खारं भरलं."

हंगाम वाया गेला म्हणून मी नको ते बोललो. काकांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पन खारं जसं घट्ट व्हतं तसं हलूहलू सुकतं. ठाव हाय ना तुमाला?"

मला ठाऊक नव्हतं. मिठागराचं गणित मी गोड्या पाण्यावर मांडत होतो. सगळं खाऱ्या पाण्यावर पुन्हा मोजलं, म्हणून पदवी मिळाली.

प्रबंधात पहिले आभार त्यांचेच मानले आणि ते पान त्यांना वाचून दाखवलं. काकांचा चेहरा उतरला.

"माजी चूक सगल्यांना सांगितलीत काय?"

"नाही काका," मी म्हटलं, "माझी सांगितली."