मला वाढलं का गं?

आता ह्यात सूर्यभानचं काय चुकलं, तुमीच सांगा! मानसानं सासूला पिच्चर दाखवायचा न्हाई? अहो, बेलापूरचा चांगला रुंद छातीचा गडी, रातचं येकटा उसाला पानी देनारा... त्याला दिवसाढवळ्या, तीनच्या खेळाला, दोन बायांच्या मधी कोंडला! कुनी? त्याचा त्यानंच!

झालं काय, तुमाला सांगतो, एकाहत्तर साल. नवं लगीन. बायको चांगुणा वस्तीवर नांदायला आली. वस्ती म्हंजे चहूबाजूनं ऊस, मधी दोन खोल्या. चांगुणा म्हनली, "अवो, मागच्या दारी कुनीतरी चालतंय." हा हसला. पुन्यांदा म्हनली, हा जास्ती हसला. मग ह्यानं चार गड्यांत सांगितलं, तेबी हसले. चांगुणानं पिशवी भरली आन् गेली पुणतांब्याला, आईकडं. येतच न्हाई! सासू गोजरबाई म्हनायच्या, "जावईबापू, पोरगी बिचकलीया. आत्ताच न्हाई धाडायची मी." बोला आता!

मग ह्यानं डोकं चालवलं. श्रीरामपूरला भुताचा पिच्चर लागलेला. म्हनला, "मामी, दोघीबी चला. भूत म्हंजे चुना आन् काजळ. येकदा बघितलं की मिटलं!" आन् तिथनंच चांगुणाला घिऊन वस्तीवर जायचं, असा बेत. म्हंजे संसार सगळा त्या पडद्यावर टांगलेला!

टाकीज हाऊसफुल. डाव्या हाताला चांगुणा, उजव्या हाताला गोजरबाई, वाटंत फतकल मारून बसलेली मानसं. दारं लागली. दिवे गेले. आन् तुमाला सांगतो... भूत येईना!

अहो, आलं असतं तर काय हुतं! त्याची ह्याची तयारी हुती की. पन त्या पिच्चरवाल्यानं काय दाखवावं? येक साधं घर. आपल्यासारखं. चूल, तांबे, पाट. घरातली सगळी मानसं जेवायला बसल्याली, सून वाढतीया. वीज न्हाई, वारं न्हाई, किंकाळी न्हाई. आन् आतल्या अंधाऱ्या खोलीतनं येक म्हातारा आवाज, येकदम मायेनं... "मला वाढलं का गं?"

बास! सगळी तर भाईर बसल्यात. मग आत कोन?

सूर्यभाननं पायानं चपला चाचपल्या. उठावं तर उठता येईना! गोजरबाईंनी मनगट धरलेलं. भ्यानं न्हाई हो, शंका ईचारायला! "जावईबापू, चुना कवा यायचा?" "येईल, मामी." "आन् काजळ?" "येईल वो!" तिकडं सून दिवा घिऊन आत निघाली. गानं न्हाई, वाजाप न्हाई, नुसती तिची जोडवी फरशीवर... टक... टक... ह्याला वाटतं, बाई, जाऊ नगं! आन् वाटतं, जा, बघ येकदाचं! सून दाराशी थांबली, कडीला हात घातला... आन् मध्यंतर! अरं, ही काय रीत झाली? आता तरी पळावं, तर गोजरबाईंनी शेंगा काढल्या आन् टरफलं ह्याच्याच मांडीवर! उठावं तर उठता येईना!

मध्यंतरानंतर आलं बाबा भूत. पांढरं लुगडं, मोकळे केस, तोंडाला पीठ. आख्खं टाकीज खो खो हसलं, सूर्यभान सगळ्यांत मोठ्यानं. "बघा मामी, म्हनलं नव्हतं?" मग फौजदार आला, लुगडं वढलं, आतनं निघाला घरातलाच चुलता, शेतासाठी सोंग करत हुता. बेड्या पडल्या. सुनंनं पाट मांडले, सगळे जेवायला बसले. लोक चपला शोधाय लागले, हाबी उठाय लागला... आन् आतनं...

"मला वाढलं का गं?"

अंधार. संपला पिच्चर!

म्हंजे तो आवाज चुलत्याचा नव्हता? मग कुनाचा? सांगायचं न्हाई? आर्धा पिच्चर मानसाच्या डोक्यात कोंबून घरी धाडायचा?

सूर्यभान वरडला. असा वरडला की छपराची कबुतरं उडाली! "मामी वोऽऽ!" म्हनून गोजरबाईंचा पदर धरला. दिवे लागले, आख्खं टाकीज वळून बघतंय, आन् पाय तर असे गेल्यात... उठावं तर उठता येईना! दोघींनी बखोट्याला धरून भाईर काढला.

भाईर अजून उजेड हुता. गेली आता बायको, असंच धरून चालला हा, मान खाली घालून. तर चांगुणा हळूच म्हनली, "चला, वस्तीवर जाऊ."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की. पन मागच्या दाराचं येवढं नव्हतं. मी येकटीच भितीया आन् तुमी हसताय, त्याचं हुतं. आता तुमीबी भिता."

ह्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, आन् बेलापूर येस्तवर सोडली न्हाई.

हितं गोष्ट संपाया पायजे हुती का न्हाई? पन गोजरबाई पुणतांब्याच्या गाडीकडं वळंचनात! हा म्हनला, "मामी, तुमची गाडी तिकडं." तर म्हनत्यात, "आसू द्या. पोरीची काळजी मिटली माजी. पन तुमचं वरडनं ऐकलं मी, जावईबापू. तुमाला सोबत पायजे."

तवापासनं गोजरबाई वस्तीवर. खाट मागच्या दाराला लावलेली. रोज सकाळी ईचारत्यात, "जावईबापू, आता बरं वाटतंय का?" न्हाई म्हनला, तर म्हनत्यात, "मग मी ऱ्हाते." व्हय म्हनला, तर म्हनत्यात, "बगा, माज्यामुळं!"