आठ नंबरचे मोजे

— नाही नाही, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, मागच्या आठवड्यात आमचे कोचच त्याच्यावरून आडवे झाले. इथे बसा, या साबणाच्या पिंपावर. भरलेलं आहे, हलायचं नाही. चहा काळाच आहे हं, साखर न विचारता घातलीय, आपल्याकडचा माणूस म्हणून. तर काय विचारत होतात — आठ नंबर कसा मुलगा आहे? अहो उन्मेष, तुम्ही क्लबात खेळाडूंचे व्हिडिओ बघणारे साहेब, रियाधहून गाडी मारत इथे हुफूफला आलात, आणि चौकशी कुणाकडे करताय, तर त्याच्या बापाकडे. बाप कोण, तर कॉलेजच्या टीमचे कपडे धुणारा. मी काय वाईट सांगणार आहे? झयान माझा मुलगा आहे, तेव्हा तो उत्तमच आहे, लिहून घ्या आणि चहा प्या.

पण तुम्हाला ओळखलं कसं सांगू का? काल सरावाची मॅच चालू होती आणि तुम्ही फोनवर आईला सांगत होतात — जेवलो गं, हो, भातपण खाल्ला. मी मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. तोवर मला वाटत होतं हा कुणी केरळवाला असेल. म्हटलं, अरे, हा तर घरचा निघाला. इथे मराठी ऐकायला मिळतं कुठे? मी आणि जुबेदा, आम्ही नवराबायको बोलतो तेवढंच. झयानला समजतं सगळं, पण उत्तर देतो हिंदीत, रागावला की इंग्रजीत, आणि भूक लागली की मात्र बरोबर मराठी आठवतं. आईचाच मुलगा आहे तो.

कॉलेज बघितलंत ना केवढंसं? साडेचारशे पोरं. मोठ्या युनिव्हर्सिट्यांत तेवढी तर कँटीनच्या रांगेत उभी असतात. आणि त्या सगळ्यांना मागे टाकून आमची पोरं कॉलेजांच्या लीगमध्ये फायनलला गेली — हरलो, दोनाला तीन, पण गेली. मोसमातले उत्तम अकरा निवडले त्यात तीन आमची, आणि मोसमाचा उत्तम खेळाडू झयान. ढाल प्राचार्यांच्या खोलीत आहे, मला बघायला नेलं होतं, चप्पल बाहेर काढून गेलो मी, सवयीनं. तेव्हापासून क्लबांची माणसं येतायत. पहिल्यांदा कळलं की कुणी स्काऊट येणार, तेव्हा काय गंमत झाली — एक जण आला, हातात कागद, मैदानाकडे टक लावून बघतोय. प्राचार्यांनी त्याला पुढच्या रांगेत बसवला, गहवा दिला, ती अरबी कॉफी, खजूर दिले, पहिल्या डब्यातले नाहीत, आतल्या कपाटातले. अर्धा तास तो बिचारा खात होता. मग उठून म्हणाला, एसी कुठला बिघडलाय तो दाखवा. खरा स्काऊट शेवटच्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता, त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

माझं काम? माझं काम साधं आहे. इकाम्यावर, त्या राहण्याच्या परवान्यावर, लिहिलंय स्टोअर-सुपरवायझर, म्हणून तर कुटुंब आणता आलं, पण सुपरवाइझ कुणाला करायचं, तर या दोन मशीनना. बावीस पोरं, बावीस जाळीच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीला नंबराचा बिल्ला. ज्याचे मोजे त्यानं आपल्या पिशवीत टाकायचे, म्हणजे हरवत नाहीत आणि भांडणं होत नाहीत. पण मशीनला द्यायच्या आधी मी प्रत्येक मोजा उलटा करून झटकतो. का? तर हे गवत नकली, त्याच्यात काळ्या रबराचे दाणे भरलेले असतात, मोहरीएवढे — ते बुटात जातात, बुटातून मोज्यात, आणि मोज्यातून माझ्या मशीनच्या जाळीत जाऊन पाणी अडवतात. हे गवत घातल्यापासून सतरा वर्षं झटकतोय. आणि झटकता झटकता कळायला लागतं हो. जो वळतो, घसरतो, दुसऱ्याच्या पायात पाय घालतो, त्याच्या मोज्यात मूठभर दाणे. जो उभा राहून नुसता हात दाखवतो — मला दे, मला दे — त्याच्या मोज्यात चार. तुमचा कॉम्प्युटर सांगत असेल की सात नंबर अकरा किलोमीटर पळाला. पळाला असेल, पण सरळ पळाला, चेंडू दुसरीकडेच होता.

हसताय काय, खरं सांगतो. गोलकीपर बंदर, चांगला पोरगा, पण अर्धा मोसम त्याच्या जर्सीच्या उजव्या कोपरावर घासल्याची खूण नाही. डावं कोपर फाटून गेलेलं, उजवं नवंकोरं. म्हणजे काय? उजवीकडे उडी मारतच नाही. मी कोचना सांगितलं, ते हसले. पुढच्या मॅचला उजव्या बाजूनं दोन गोल. तेव्हापासून दर रविवारी सकाळी कोच इथे येऊन बसतात, याच पिंपावर, आणि विचारतात, मोहियुद्दीन, कपडे काय म्हणतात? मी सगळं सांगतो. कोण आळशी झालाय, कोण पायाला पट्टी बांधून खेळतोय आणि बोलत नाही. पाच नंबरच्या जर्सीला मॅचच्या आधीच अत्तर लागलेलं असतं, ते कुणासाठी तेही मला माहीत आहे, पण ते काही कोचचं काम नाही.

आता तुमचं काम. उद्या दुपारी तुमचा कागद क्लबाकडे जाणार, बरोबर? मग तुम्हाला सरळच सांगतो. कॉलेज जूनमध्ये संपतं. शिकतोय तोवर तो माझ्या इकाम्यावर आहे, कॉलेज संपलं की नाही. मग स्वतःचा कफील शोधायचा, नोकरी देऊन जामीन राहणारा, नाहीतर विमान. विमानानं जायचं कुठे, तर रायगडात, आमच्या म्हसळ्याला. आणि म्हसळ्यात त्याचं आहे काय? जन्म इथला, शाळा इथली, यारदोस्त इथले. गावी पंधरा दिवस नेतो, सहाव्या दिवसापासून विचारतो, पप्पा, वापस कब? इथे जन्मलेल्या पोराला क्लबात घेता येतं हे तुम्हीच काल सांगितलंत, नाहीतर मला कुठे ठाऊक. दोन वर्षांचा करार, क्लबाच्या नावावर इकामा — मी घरी जाऊन नुसतं सांगितलं, तर जुबेदानं त्या दोन वर्षांत त्याचं लग्नसुद्धा लावून टाकलं मनातल्या मनात. हॉलपण ठरवला. काल झोपलीच नाही ती. म्हणून म्हणतो, चांगलं लिहा.

काय? आठ नंबरचे मोजे काय म्हणतात? बघा, हुशार आहात तुम्ही, मी सगळ्यांचे सांगितले आणि घरचेच राहिले. सांगतो की. डाव्या मोज्यात ढीगभर दाणे. कारण त्याची ती खोड आहे — उजव्यानं चेंडू ओढायचा, डाव्या पायावर गर्रकन फिरायचं, समोरचा आपला सरळ पुढे निघून जातो, शोधत बसतो चेंडू कुठे गेला. लहानपणी घराच्या गच्चीवर करायचा, खालचा इजिप्तवाला शेजारी काठी घेऊन वर यायचा. तीन वर्षं डाव्यात मूठभर, उजव्यात चिमूटभर. म्हणजे होते तसे. हल्ली, ईदच्या सुट्टीपासून, जरा उलट झालंय — डाव्यात काहीच नाही, जे काय ते उजव्यात. बदलतात पोरं खेळ, नवीन काहीतरी शिकतात. गोल तर होतायत ना? फायनलचे दोन्ही त्याचेच. तुम्ही बघितलेच असतील, दोन्ही उभ्या उभ्या मारले, वळावंच लागलं नाही. जागा बरोबर धरतो आणि उभा राहतो. डोकं लागतं त्याला.

शिवाय शहाणा झालाय. चड्डीच्या आत घालतात ती लांब घट्ट पँट असते ना, ती आता मला देतच नाही, घरी स्वतः धुतो, बाथरूमचं दार लावून. जुबेदा खूश. आधी देत होता, पण एकदा त्या पँटला कसलं मलम लागलेलं, आणि ते गेलं गरम पाण्यात — बावीसच्या बावीस जर्स्यांना वास. पोरं मैदानात उतरली तर रेफ्री म्हणाला म्हणे, ही टीम आहे का दवाखाना? सगळे हसले. झयान नाही हसला. तेव्हापासून घरी धुतो. मला तेवढंच एक काम कमी.

लिहायचे का थांबलात? नाही, तुम्हाला भलतंच काही वाटू नये म्हणून सांगतो, मलम सगळीच पोरं लावतात, मीसुद्धा लावतो, कमरेला. आणि तरणी पोरं, त्यांचं बसणं-उठणं आपल्यासारखं नसतं. आता बघा, नमाजमध्ये दोनदा कपाळ टेकतो, त्याच्या मधे बसतो ना आम्ही, तेव्हा डावा पाय दुमडून त्याच्यावर बसायचं असतं, आणि उजवा पंजा उभा. मीच शिकवलंय त्याला, चार वर्षांचा होता, या हातांनी पाय धरून दुमडून दिला होता. तर गेले पाच-सहा शुक्रवार माझ्या शेजारी असतो आणि डावा पाय बाहेर लांब काढून बसतो, आमच्या पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांसारखा. विचारलं, तर म्हणाला, पप्पा, जीन्स टाईट है. असतेच हो घट्ट, मी बघितलीय ना, श्वास कसा घेतात त्याच्यात कुणास ठाऊक. आता परवाच्या शुक्रवारी मात्र थोब घालून आला होता, पांढरा, सैल, वर्गातल्या मित्रानं दिलेला, छान दिसत होता, त्या दिवशी तर — त्या दिवशीपण तसाच बसला.

चहा घ्या ना. थंड होतोय तो.

काय लिहिलंत? दाखवा. नाही, दाखवा, मला मराठी वाचता येतं. 'डावा गुडघा.' मी म्हटलं का गुडघा? मी मोजे म्हटलं, मलम म्हटलं, जीन्स म्हटलं — गुडघा हा शब्द माझ्या तोंडातून निघालेला नाही. ते तुमचं तुम्ही लिहिलंत. खोडा ते. हे बघा उन्मेष, तुमच्या क्लबात तपासतात म्हणे, वजन घेतात, रक्त घेतात, छातीला वायरी लावतात, आमच्या एका जुन्या पोरानं सांगितलंय, पाय दाबून कुणी बघत नाही. एकदा सही झाली की मग दाखवता येईल ना डॉक्टरला, क्लबाचाच डॉक्टर, क्लबाच्याच खर्चानं. सहा महिने बसवून ठेवा त्याला, बसू दे. इकामा तर होईल. तुमचंही काही जात नाही, तुमच्या व्हिडिओत गोल आहेत, ढाल आहे, बाप काय बडबडला ते कुणाला कळणार आहे?

असं बघू नका माझ्याकडे. माहीत होतं मला. पहिल्या आठवड्यात कळलं होतं, डावा मोजा उलटा केला आणि आतून काही पडलंच नाही, तेव्हाच. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तो खरं बोलला असता — खोटं येत नाही त्याला, जीन्सचं तेवढं एक जमलं — आणि मग काय, जून. एकवीस पोरांचं जे दिसेल ते कोचना सांगत आलो. बाराव्या नंबरचा घोटा दुखतोय हे मीच कोचना सांगितलं होतं, तीन मॅच बसवलं त्याला, आज मजेत पळतोय. त्याचा बाप इथे येऊन माझ्या डोक्याचं चुंबन घेऊन गेला. आणि स्वतःच्या मुलाचा मोजा झटकून गपचूप मशीनमध्ये टाकत राहिलो. दीड महिना. तो मला फसवतोय आणि मी त्याला फसवतोय, आणि घरी दोघं समोरासमोर बसून जेवतो. लाज वाटते हो मला. पण तरी खोडा तुम्ही ते. पाया पडतो तुमच्या. एक ओळ आहे, खोडा.

थांबा. बोलू नका. जिन्यावर ऐकताय? तोच. सराव संपला की खाली येतो, रोज याच वेळेला. एक पायरी. थांबला. एक पायरी. प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा पण तिथेच. रोज ऐकतो मी हे, आणि रोज म्हणतो, मोबाईल बघत उतरत असेल. बावीस वर्षांचा आहे तो.

खोडू नका. राहू द्या लिहिलेलं. मागचं दार नुसतं ढकला, उघडतं. जा तुम्ही — मला त्याला हात द्यायला वर जायचंय.