पाय नसलेली सतरा मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, कलामंडळाचे सर्व पदाधिकारी, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या नृत्यशाळेच्या बाई, आणि समोर जमलेले नर्तक, नट, गायक, वादक व त्यांचे हौशी आईवडील अशा सर्व मंडळींनो,

मी फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ बंद करतोय म्हणून आपण एवढा थाटाचा समारंभ घडवून आणलात, याबद्दल सर्वप्रथम मनापासून आभार. स्टुडिओ चालू होता तेव्हा इतकी माणसं एकदम कधी फिरकली नव्हती. हसा, हसा. पुढे हसण्यासारखं फार नाही.

आत्ता सचिवसाहेब माझ्याबद्दल चार शब्द बोलले. चार कसले, चांगली वीस मिनिटं बोलले. त्यात ते म्हणाले, "गेली एकतीस वर्षं यांनी आपली कला जपून ठेवली." टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या, मी पाहिलं. त्या टाळ्या मला घेववत नाहीत. निघताना सौभाग्यवतींनी बजावलंय, "सत्काराच्या दिवशी तरी रडगाणं लावू नका." पण गेले चार महिने त्याच मला म्हणताहेत, "अहो, एकदाचं सांगून टाका बाईंना." दोन्ही आज्ञा एकदम कशा पाळाव्यात?

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या भिंतीशी स्टूल, स्टुलावर मी, पुढे स्टँडवर कॅमेरा. आणि कॅमेऱ्यापुढे तुमची डोकी! नाचणाऱ्यांचे पाय नेमके त्या डोक्यांआड जातात. पहिल्या वर्षी मी प्रामाणिकपणे अख्खा रंगमंच घेतला, पाय आणि डोकी सगळं. दुसऱ्या दिवशी एक आई स्टुडिओत हजर. "माझी मुलगी अकरा सेकंद दिसते आणि शेजारणीची चाळीस. दिसते तीही मुंगीएवढी!" घड्याळ लावून बसली होती माउली. तेव्हापासून मी चेहरे घ्यायला लागलो. डोकी टळली, आया खूश झाल्या, माझं नाव झालं.

बाई मात्र दर वर्षी सांगायच्या, "फोटोवाले, पाय घ्या हो. नाच पायांत असतो." मी "हो बाई" म्हणायचो आणि चेहरे घ्यायचो.

एकोणीस वर्षांपूर्वी नृत्यशाळेला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा बाई स्वतः नाचल्या. रचना त्यांचीच, दोन वर्षं खपून बसवलेली. सतरा मिनिटं. वाद्य एकही नाही, नुसता पावलांचा ताल. आपल्यातल्या काहींनी ती पाहिली असेल. ती तेवढी एकदाच झाली, कारण पुढच्याच महिन्यात बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला.

चार महिन्यांपूर्वी बाईंची सगळ्यात जुनी शिष्या, जिला शाळेत लहानथोर सगळे ताई म्हणतात, ती माझ्याकडे आली. तिला ती रचना रंगमंचावर आणायची आहे. बाईंनी पंचाहत्तरी ओलांडली. त्यांना सुरुवात आठवते, शेवट आठवतो, मधलं सगळं निसटलंय. पण बाई निर्धास्त होत्या. ताईला म्हणाल्या, "फोटोवाल्यांकडे आहे की!"

आम्ही दोघं कॅसेट लावून बसलो. काय चेहरा होता बाईंचा! भुवया, पापण्या, ओठाच्या कोपऱ्यातलं हसू, कपाळावरचा घाम, काही म्हणून सोडलं नव्हतं मी. जीव ओतून काढलं होतं. दहाव्या मिनिटाला ताईने विचारलं, "काका, पाय कधी येतात?" मी म्हटलं, "येतील." सतरा मिनिटं संपली. कॅमेरा कंबरेच्या खाली एकदाही उतरला नव्हता. ताई उठली. चहाचा कप विसळून ठेवला आणि गेली.

बाई, तेव्हापासून तुम्ही फोन करता आणि मी सांगतो, "शोधतोय, कपाटं आवरतोय." साफ खोटं आहे ते. कॅसेट पहिल्याच दिवशी सापडली होती. ताईलाही मीच गप्प बसवलं, तिला बोल लावू नका.

काय म्हणताय, बाई? माइक द्या त्यांना कुणीतरी. नको? बरं, मी सांगतो सगळ्यांना. बाई विचारताहेत, "आवाज तर असेल ना? लाकडी रंगमंच होता. पावलं नुसती ऐकली तरी बसवीन मी पुन्हा."

जरा पाणी देता का?

बाई, आवाजही नाही. त्या धपधपीला मी गोंगाट समजलो. लोकांना घरी बसून बघायला बरं वाटावं म्हणून तो पुसला आणि वर बासरी घातली. माझ्या पसंतीची. मूळ कॅसेट म्हणाल, तर काम झालं की ती पुसून पुन्हा वापरायची, ही आमच्या धंद्यातली पद्धत. पुढच्या रविवारी तिच्यावर एका शाळेच्या धावण्याच्या शर्यती घेतल्या. तिथे मात्र सगळ्यांचे पाय आलेत.

मंडळी, मी काही मुद्दाम केलं नाही. पण मला दर वर्षी सांगितलं जात होतं, आणि ज्यांचं आयुष्य त्या पायांवर उभं होतं त्याच सांगत होत्या. मी ऐकलं नाही. नाचातलं मला जास्त कळतं असं वाटायचं मला, दुसरं काय!

असो. हा पुष्पगुच्छ आणि हे मानचिन्ह मी घरी नेतो. परत केलं तर तुमचा अपमान होईल. मात्र सचिवसाहेब, 'कला जपून ठेवली' हे वाक्य तेवढं अहवालात घालू नका. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर आपण सगळे ते पोटात घालालच.

पण बाई, तुम्ही नका घालू. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. आता काठी टेकत उठाल, इथवर याल आणि म्हणाल, "असू द्या हो, फोटोवाले." हात जोडतो, उठू नका. माझ्यावर आज मनापासून रागवा.