नीट ठेवलेली फाइल

चहा घ्या, सांगतो. माझी शाळा दुसरीतच सुटली, तरी गाझियाबादच्या आमच्या मराठी मंडळाची अख्खी वेबसाइट मी एकट्याने बंद पाडलीय.

साइट सूनबाईने पीएचपी नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेली, चालते आमच्याच घरच्या कॉम्प्युटरवर. गणपतीच्या नाटकासाठी मुलांची नावनोंदणी तिथेच, आणि त्या दिवशी शेवटची तारीख. सूनबाईने मला एक छोटी फाइल दाखवली. "बाबा, सगळ्या सेटिंग्ज हिच्यात आहेत, पासवर्डसुद्धा. आरतीची वेळ तेवढी बदला."

वेळ बदलली. मग वाटलं, पासवर्ड असा उघड्यावर? म्हणून फाइल माऊसने हळूहळू ओढत माझ्या पेन्शनच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली.

दहा मिनिटांत अध्यक्षांचा फोन. "काका, साइट बिल्कुल उघडत नाहीये!"

सूनबाई धावत आली. "बाबा, फाइल कुठंय?"

"नीट ठेवलीय."

"अहो, साइट उघडताना आधी तीच फाइल वाचते. जागेवर नसेल तर ती बिचारी काय करणार?"

"मग सांग की तिला, पेन्शनच्या फोल्डरमध्ये बघ म्हणावं."

हसत हसत तिने फाइल जागेवर आणली, नावनोंदणी बुडता बुडता वाचली. पण तेव्हापासून मी नुसता चष्मा उचलला तरी स्वयंपाकघरातून आवाज येतो, "बाबा, नीट ठेवू नका हं!"